पाचवा चौकोन

प्रसादचे ओठ सुजून उलटले होते, डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या, आणि त्याचे वडील त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होते. मी त्यांच्या हातावर फटका मारला. बाटली भिंतीपर्यंत गेली.

"अहो अक्का, उपास आहे त्याचा! सकाळपासून पोटात काही नाही. भोवळ आलीय नुसती!" वसंतअप्पा ओरडले.

"भोवळ अशी नसते. सरका."

मी प्रसादला बाकावरून खाली ओढला, फरशीवर उताणा पाडला आणि त्याचे पाय उचलून बाकावर टाकले. चोवीस वर्षांचा धडधाकट मुलगा. गळ्यापासून छातीपर्यंत लाल गांधी उठल्या होत्या. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. मनगट धरलं तर नाडी पळत होती, आणि धरून ठेवता ठेवता ती बोटाखालून निघून गेली. मी पुन्हा दाबून पाहिलं. लागली नाही.

"सिस्टर, ट्रे घेऊन या! त्यातली सुई काढा, लवकर!" मी आत ओरडले.

प्रसादने माझ्या पदराचं टोक पकडलं होतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. जीभ जाड झाल्यामुळे शब्द निघत नव्हते. मी कान खाली नेला.

"अक्का... अंडं. मला... अंडं."

ते वसंतअप्पांनीही ऐकलं. ते म्हणाले, "काय म्हणतोय? वात झालाय का त्याला?"

वात झाला नव्हता. तो काय म्हणतोय ते मला लगेच कळलं, आणि हे माझ्या हातून झालंय हेही कळलं.

आता मधे थांबून कामाचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला समजणार नाही.

मी हुबळीच्या एका सरकारी दवाखान्यात ग्रुप डी होते. म्हणजे आया. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, कन्नड मात्र दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी पीतज्वराच्या लसीच्या खोलीत काढली. पीतज्वर म्हणजे यलो फीवर. पुष्कळ लोक त्याला कावीळ समजतात. एकदा एक माणूस आपल्या पिवळ्याजर्द मेव्हण्याला रिक्षात घालून घेऊन आला आणि म्हणाला, "टोचा याला." मी म्हटलं, "याला वरच्या मजल्यावर न्या, इथे जे टोचतात ते आफ्रिकेला जाणाऱ्यांना." तो म्हणाला, "मग याला आफ्रिकेला पाठवायचा का?"

हा ताप आपल्याकडे नाही. तो आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, आणि डासातून होतो. पण ज्या जातीचा डास तो पसरवतो, तो डास आपल्या घरात, कुंडीच्या ताटलीत आणि कूलरच्या पाण्यात भरपूर आहे. तिकडून एखादा माणूस रक्तात ताप घेऊन आला आणि इथला डास त्याला चावला की झालं. म्हणून सरकार या बाबतीत कडक आहे. तिकडून परत येताना टोचल्याचं पिवळं पुस्तक हातात नसेल, तर विमानतळावरून घरी सोडत नाहीत, सहा दिवस वेगळं ठेवतात.

लस सगळीकडे मिळत नाही. आमच्याकडे ठरावीक वारी द्यायचे. कारवारकडची जहाजावरची पोरं यायची, मिरचीचे व्यापारी यायचे, नन यायच्या, बोअर मारणारे यायचे. एका बाटलीत दहा जणांची लस. आत कोरडी पूड असते, तिच्यात पाणी घालून हलवायची, आणि एकदा पाणी घातलं की काही तासांत संपवायची. उरली तर फेकायची. त्यामुळे दहा जण जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही, आणि फोडली की घाई. दहावा कुठे अडकला असेल तर मी स्वतः फोन करायची. "हुबळीतच आहात का? मग बर्री, या लवकर, तुमच्यासाठी नऊ माणसं बसलीत."

आमच्या डॉक्टर हिरेमठ मॅडम. बोलायला कमी, पण विचारलं तर सांगायच्या. एकदा मी विचारलं, "मॅडम, या बाटलीत असतं काय?" त्या म्हणाल्या, "तोच रोग असतो अक्का, पण दमलेला. जिवंत असतो. अंगात शिरून थोडा वाढतोही. शरीर त्याला बघतं, ओळखतं, आणि त्याला मारायची तयारी करतं. त्या तयारीला दहा दिवस लागतात." म्हणून टोचल्यावर दहा दिवसांनी पुस्तक लागू होतं. आधी नाही. पूर्वी ते दहा वर्षं चालायचं, आता जन्मभर चालतं. एकदा टोचलं की संपलं.

हे दहा दिवस लोकांना कधी पटले नाहीत. एक व्यापारी आला, परवाचं विमान होतं. म्हणाला, "तारीख दहा दिवस मागची घाला की, तुमचं काय जातंय?" मॅडम म्हणाल्या, "तारीख मी मागे नेईन, तुमचं रक्त कोण मागे नेणार?" त्याला ते कळलं नाही. त्याने वरच्या साहेबांचं नाव घेतलं. मॅडमनी साहेबांचा नंबर लिहून त्याच्या हातात दिला आणि पुढच्याला बोलावलं.

धारवाडच्या मळमड्डीचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई आल्या होत्या. मुलगी नैरोबीला, तिला बाळ होणार होतं. मास्तर अडुसष्टचे. मॅडमनी त्यांना सांगितलं की साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेतली तर क्वचित कुणाला ते दमलेले जंतू डोईजड होतात. शरीर वेळेत आवरू शकत नाही आणि मग लसच रोगासारखी वागते. क्वचित, पण होतं. मास्तर उठून उभे राहिले. "डॉक्टर, मी रोज सकाळी सहा किलोमीटर चालतो. एक दात पडलेला नाही." बाई खाली बसूनच म्हणाल्या, "दात पडले नाहीत म्हणून बडबड थांबत नाही. मॅडम, तुम्ही यांना टोचू नका. मी पंचावन्नची आहे, मी एकटी जाते." मास्तरांचं तोंड पडलं. बाई खरंच एकट्या गेल्या. परत आल्यावर मला भेटून गेल्या, सोबत मास्तर होते, स्कूटरवर.

अशा माणसांना गाळण्यासाठी एक अर्ज होता. इंग्रजीत. त्यावर प्रश्न आणि प्रश्नांपुढे चौकोन. आधी कारकून भरायचा. त्याची बदली झाली आणि दुसरा कोणी आला नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कुणी मला दिलं नाही, मीच घेतलं, कारण मला मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही बोलता येतं आणि सिस्टर केरळच्या. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण कुठला चौकोन कशाचा ते पाठ होतं. पहिला आत्ता ताप आहे का. दुसरा पोटात मूल आहे का, अंगावर पीत आहे का. तिसरा रक्ताचा किंवा गाठीचा आजार. चौथा ज्या गोळ्यांनी शरीराची ताकद कमी होते त्या गोळ्या. पाचवा अंड्याचा.

ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. त्यामुळे अंड्याचा थोडा अंश तिच्यात राहतो. ज्याला अंडं जोरात बाधतं, त्याला ही लसही बाधू शकते. म्हणून पाचवा चौकोन. बाधत असेल तर खूण करायची, नाहीतर रिकामा ठेवायचा.

आता हुबळीत हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. इथे निम्मे लोक अंडं खात नाहीत, आणि जे घरात खात नाहीत त्यातले निम्मे बाहेर खातात. धारवाडला कॉलेजांबाहेर संध्याकाळी एग राइसच्या गाड्या लागतात, तिथे उभी राहणारी पोरं कुणाकुणाच्या घरची असतात ते मला चांगलं माहीत आहे. पण परदेशी निघालेला मुलगा टोचून घ्यायला एकटा येत नाही. आई, वडील, सासरा, कुणीतरी सोबत असतं. त्यांच्यासमोर मी विचारणार, "अंडं बाधतं का?" आणि मुलाच्या आधी वडील बोलणार, "अहो, आमच्या घरात ते नावसुद्धा काढत नाहीत."

मग मी माझी एक रीत केली होती. बाधतं का विचारायचंच नाही. सरळ विचारायचं, अंडं खाता का? खातो म्हणाला तर प्रश्न मिटला, बाधत असतं तर खाल्लं नसतं. कलघटगीचा एक बोअरवाला होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "कोंबडीसकट खातो अक्का, दाखवू का?" त्याचा चौकोन रिकामा. आणि जो खात नाही म्हणायचा, त्याच्या तोंडाकडे मी बघायची. मुलाने मान खाली घातली, नखं कुरतडली, तर समजायची की हा चोरून खातो. म्हणजे त्यालाही बाधत नाही. त्याचाही चौकोन रिकामा. जो खरंच खात नसेल त्याला मॅडम पुढचं विचारायच्या, केक खाल्लास का, बेकरीचं काय खातोस, काही झालं होतं का.

या रितीचा मला अभिमान होता. मॅडमनी तासभर खोदून विचारलं तरी जे निघायचं नाही, ते मी मानेवरून ओळखते असं मला वाटायचं. सिस्टरना मी ते शिकवतही होते.

त्या दिवशी दहा जण वेळेवर आले होते. वसंतअप्पांचं लॅमिंग्टन रोडला भांड्यांचं दुकान. मूळ मिरजेकडचे, पण तीन पिढ्या हुबळीत. त्यांचा मुलगा प्रसाद धारवाडला हॉस्टेलवर राहून इंजिनियर झालेला. युगांडात कंपालाला पंपाच्या कंपनीत नोकरी लागली होती. गुरुवार होता, दोघांचा उपास होता, आणि राहुकाळ सुरू व्हायच्या आत टोचून व्हावं म्हणून वसंतअप्पांची घाई होती. ते झालंच. त्यांनी मला दोनदा घड्याळ दाखवलं.

मी अर्ज घेऊन बसले. पहिले चार चौकोन झाले.

"अंडं खातोस का रे?" मी प्रसादला विचारलं.

"अक्का!" वसंतअप्पा हसले. "आमच्याकडे कांद्यालासुद्धा वार बघावा लागतो. अंडं कुठलं?"

प्रसादने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, खाल्लंय बेट्यानं. चला, बरं झालं. मी त्याच्याकडे बघून जरा हसलेही. पाचवा चौकोन रिकामा ठेवला.

मॅडमनी अर्ज पाहिला. त्यांनीही विचारलं, "एग?" पुन्हा वसंतअप्पाच म्हणाले, "छे छे, मॅडम." बाटली फोडलेली, सहा जण टोचून झालेले, तीन मागे उभे. मॅडमनी सही केली. सातव्या नंबरला प्रसादला टोचलं, दंडाला.

टोचल्यावर अर्धा तास बसवायचं असा नियम आहे. तो पाळायचं काम माझं. लोक बसत नाहीत. रिक्षा उभी आहे, दुकान उघडं आहे, पोर शाळेतून येईल. म्हणून मी एक केलं होतं. पिवळं पुस्तक शिक्का मारून माझ्या खणात ठेवायची, आणि अर्धा तास झाल्याशिवाय द्यायची नाही. पुस्तकाशिवाय कुणी जात नाही. या एका रितीबद्दल मला लोकांनी शिव्या दिल्यात, तिन्ही भाषांत.

वसंतअप्पाही भांडले.

"अक्का, द्या की ते. मुलगा ठणठणीत आहे. राहुकाळात नव्या कामाला निघू नये."

"निघू नका. बसा इथेच. बसायला राहुकाळ चालतो."

"तुम्ही काय डॉक्टर आहात का?"

"नाही. खणाची किल्ली माझ्याकडे आहे."

ते चिडले. दाराबाहेर गेले, आत आले. बारा मिनिटं झाली असतील. प्रसाद मान खाजवत होता. मग त्याने तळहात खाजवले. मग तो म्हणाला, "अप्पा, घसा कसातरी होतोय." वसंतअप्पा म्हणाले, "उपाशी आहेस, पाणी पी." आणि पाण्याची बाटली काढली.

सुई बघून चक्कर येणारे मी शेकड्याने पाहिलेत. जहाजावरचे सहा फुटी गडी कोसळतात. तो माणूस पांढरा पडतो, गार होतो, नाडी मंद होते, आडवा केला की दोन मिनिटांत ओशाळून उठतो. त्याला खाज येत नाही. त्याचे ओठ सुजत नाहीत. मी खणाजवळून उठून बाकापर्यंत गेले तेवढ्यात प्रसादचा चेहरा बदलला होता. तिथून पुढचं मी सुरुवातीला सांगितलं.

ग्रेसी सिस्टर नवव्याच्या दंडावर स्पिरिट लावत होत्या. ते सोडून ट्रे घेऊन आल्या. त्या ट्रेत अशा वेळचं इंजेक्शन असतं, ॲड्रेनलिन. रोज सकाळी ट्रे उघडून ते आहे का, तारीख गेली नाही ना, ते बघायचं कामही माझं होतं. इंग्रजी अक्षरं मला येत नसली तरी आकडे येतात. सिस्टरनी काच फोडली, पँटवरूनच मांडीत सुई मारली. मी पाय धरून ठेवले. मॅडम धावत आल्या आणि ऑक्सिजनचा मुखवटा लावला. मिनिटभर काही झालं नाही. मग नाडी परत बोटाला लागली. पातळ होती, पण होती.

पाच मिनिटांत तो जरा बोलायला लागला. मॅडमनी विचारलं, "पूर्वी कधी असं झालं होतं?"

त्याने वडिलांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ आणि बोल," मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या.

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. दोन वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या मुलांबरोबर पहिल्यांदा एग राइस खाल्ला. चार घास झाले असतील. घसा बंद झाला. मित्रांनी स्कूटरवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. तिथे सुई दिली आणि सांगितलं, पुन्हा अंड्याला हात लावू नकोस. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलेलंच घेऊन घरी आला.

"घरी काय सांगितलंस?"

"मधमाशी चावली म्हणून."

वसंतअप्पा भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मी परसातलं पोळं काढायला लावलं होतं. दोन माणसं बोलावून."

म्हणजे त्याने मान खाली घातली ती चोरून खाल्लं म्हणूनच. तेवढं मी बरोबर ओळखलं होतं. पण एकदा खाऊन मरता मरता वाचलाय हे मानेवर लिहिलेलं नसतं. खाल्लं म्हणजे पचलं, असं मी धरलं. मी माझ्या हुशारीने त्याला टोचणीच्या खुर्चीवर बसवला.

एवढं सांगून होतंय तोच त्याला ओकारी झाली. मी त्याला कुशीवर वळवला. पुन्हा शिट्टी सुरू झाली, या वेळी जास्त. ओठ निळसर दिसायला लागले. मॅडमनी दुसरी सुई मांडीत मारली आणि स्ट्रेचर मागवला. लिफ्ट वर अडकली होती. आम्ही चौघांनी त्याला जिन्याने वर नेला, वॉर्डबॉय दोघे पुढे, मी आणि सिस्टर मागे. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न. वर अतिदक्षता विभागाचं दार बंद झालं आणि आम्हाला बाहेर ठेवलं.

खाली आले तर दोघेजण अजून दंड उघडा टाकून बसले होते, नववा आणि दहावा. मी त्यांना सांगितलं, आज होणार नाही, पुढच्या वारी या. बाटलीत दोघांची लस उरली होती. मॅडमनी बाटलीचा नंबर लिहून घेतला आणि ती वेगळी ठेवायला सांगितली, वर कळवावं लागतं म्हणून. बाटलीत दोष नव्हता हे आम्हा तिघींना माहीत होतं. मी फरशी पुसली. फुटलेल्या काचा वेचल्या. नवीन इंजेक्शनं मागवून ट्रे भरला.

संध्याकाळी मॅडम खुर्चीवर बसून कागद भरत होत्या. मी समोर उभी राहिले.

"मॅडम, मला दिसलं होतं. त्याने मान खाली घातली ते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी लिहिणं थांबवलं. "का नाही सांगितलं?"

"मला वाटलं चोरून खातो, म्हणजे बरंच आहे."

"हं." मग म्हणाल्या, "मी प्रश्न मुलाला विचारला आणि उत्तर बापाचं घेतलं. मी बारा वर्षं शिकले त्यासाठी." त्यांनी दोन्ही गोष्टी कागदावर लिहिल्या. माझं नाव घातलं नाही, आपलं घातलं. मी म्हटलं, माझंही घाला. त्या म्हणाल्या, "अर्ज भरायचं काम तुमचं नाहीच आहे, अक्का. नाव घातलं तर आधी तेच विचारतील."

मी विचारलं, "आता त्या लसीचं काय होणार त्याच्या अंगात? वाया गेली?"

"वाया नाही जात. अंड्याशी भांडतंय ते एक भांडण. ते आत्ताचं आहे, मिनिटांचं. त्या दमलेल्या जंतूंशी शरीर वेगळं भांडतं, सावकाश. ते आजपासून सुरू झालं. त्या भांडणाला या अंड्याच्या भांडणाचा पत्ताही नाही." मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "वाचला, तर ही लस त्याला जन्मात पुन्हा लागणार नाही."

पुढच्या वारापासून आमच्या खोलीचा नियम बदलला. सोबतच्या माणसाने दाराबाहेर थांबायचं, मग तो बाप असो की नवरा की सासू. अर्ज मी भरायचा नाही, मॅडमनी भरायचा, आणि दार लावून. मी फक्त दारात उभी राहून लोकांना अडवायची. त्यावरूनही भांडणं झाली. एक सासू म्हणाली, "सुनेचं मला माहीत नाही असं काय आहे?" पाच मिनिटांनी सून बाहेर आली, टोचून न घेता. तिला दिवस गेले होते. नवऱ्याला सांगितलं होतं, सासूला अजून सांगायचं होतं. दारामागे काय काय निघतं हे मी त्यानंतर रोज पाहिलं, आणि त्याआधी अकरापैकी नऊ वर्षं आम्ही काय काय न विचारता टोचलं असेल, याचा हिशेब मी करत बसत नाही. करून उपयोग नाही.

त्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर मी वर गेले. वसंतअप्पा जिन्याच्या कठड्याशी बसले होते. उपास सोडला नव्हता. मी कँटीनमधून आणलेला चहा त्यांच्यासमोर ठेवला.

"अक्का," ते म्हणाले, "मी मघाशी तुम्हाला बोललो."

"रोज बोलतात. चहा घ्या."

"ते पुस्तक तुम्ही दिलं असतं तर आम्ही तेव्हा उणकलच्या पुढे रस्त्यात असतो. धारवाडला देवाला जाणार होतो. स्कूटरवर."

खरं तेच होतं. पण मी पाचव्या चौकोनात खूण केली असती तर ते दोघे न टोचताच घरी गेले असते, हेही खरं होतं. मी ते त्यांना सांगितलं. चोरून खाल्लेलं मला ओळखता आलं होतं आणि मी गप्प बसले, असं सरळ सांगितलं.

मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "तुम्हाला एका नजरेत कळलं. माझ्या घरात दोन वर्षं जेवतोय, मला नाही कळलं."

"तुम्हाला कळू नये म्हणूनच तो खटपट करत होता."

"मी मारलं नसतं हो त्याला."

"मारलं नसतंत. पण पोळं काढायला माणसं बोलावलीत ना? तसं काहीतरी केलं असतंत."

ते हसले नाहीत. चहा घेतला. कप खाली ठेवला. म्हणाले, "त्याच्या आईला अजून कळवलं नाही. काय सांगू?"

"खरं सांगा. तुमच्या घरात आधीच एक मधमाशी झालीय."

त्यांनी फोन काढला. मी खाली आले आणि घरी गेले. आत काय चाललंय ते कुणी सांगत नव्हतं. निघताना सिस्टर एवढंच म्हणाल्या, रक्तदाब धरत नाही, तिसरं औषध लावलंय. पहिला झटका बसून गेला तरी काही तासांनी दुसरा येऊ शकतो, म्हणून दिवसभर तरी ठेवतात, हे मला माहीत होतं. त्याला तर दोन आधीच येऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी कामावर गेले. खालची खोली न उघडता आधी वर गेले. वसंतअप्पा त्याच शर्टात होते, शेजारी प्रसादची आई होती. ती मला ओळखत नव्हती. दारातल्या सिस्टरला मी विचारलं, प्रसाद कसा आहे? ती म्हणाली, पहाटेपासून स्थिर आहे, मुखवटा काढलाय, पाणी मागतोय.

तिसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी जिना उतरून गेला. महिन्याभराने कंपालाला गेला, अजून तिथेच आहे. वसंतअप्पा तीन वर्षांनी गेले, हृदयविकाराने. त्या दिवशी त्या बाटलीतून आठ जणांना टोचलं होतं. आठही जगले. प्रसाद त्यातलाच एक.